ड्रमशेला रोव्हर्स आणि एक मिनिट शांतता

कोणतीही संस्था त्याग, शिस्त आणि निष्ठा यांवर उभी असते, असं उद्घाटनाच्या भाषणांत सांगतात. आमचा ड्रमशेला रोव्हर्स हा फुटबॉल क्लब मयतांवर उभा होता. आयर्लंडच्या पश्चिमेला त्याग आणि शिस्त यांचा पुरवठा जरा अनियमित असतो, मयतांचा तसा नसतो. तेव्हा पायाच चुकीचा घातला असं कुणी म्हणू नये.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आमचं एकही मयत खोटं नव्हतं. हे मी, फिंटन मुल्डून, अधिकाराने सांगतो, कारण मी क्लबाचा बादलीवाला होतो. खेळाडू पडला की थंड पाण्याचा स्पंज घेऊन धावायचं आणि त्याचं काहीही दुखत असलं तरी तो गुडघ्यावर पिळायचा. (कार्यकारिणीच्या भाषेत याला वैद्यकीय पथक म्हणत.)

उत्कर्षापूर्वी क्लबाची अवस्था बिकट होती. गावातले धावू शकणारे सगळे तरुण ऑस्ट्रेलियाला गेले होते. उरलेल्यांत गुडघा गेलेला गोलकीपर एन्डा स्कली, गावचा पोस्टमन आणि एकमेकांशी बोलणं टाकलेले दोन भाऊ होते. हे भाऊ पुढच्या फळीत खेळत आणि मेले तरी एकमेकांना चेंडू देत नसत. (वाद आईच्या कपाटावरून होता. त्यात क्लबाने पडू नये, असा ठराव होता.)

आणि नदीपलीकडे होतं किलकॉरिन. किलकॉरिनच्या लोकांबद्दल मला वाईट बोलायचं नाही. चांगलं काही आठवत नाही, एवढंच. जिल्हा लीगचं धोरण असं होतं, की एखादा क्लब रडतखडत चालू लागला की त्याला शेजारच्या क्लबात विलीन करायचं. म्हणजे आमचं नाव पुसून छातीवर ‘किलकॉरिन’ लावायचं. हे ऐकलं की आमच्या गावात चहाचे कप जोरात आपटले जात, त्यापलीकडे कुणी काही करत नसे.

करत असत त्या एकट्या अट्रॅक्टाबाई. क्लबाचं मैदान म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं, डिनी कफचं, कुरण. डिनीने ते जिवंतपणी देऊन टाकलं, अट एकच घातली, की जोवर ड्रमशेलाच्या नावाने खेळाल तोवर खेळा, नंतर गाईंना परत. डिनी गेल्यावर अट्रॅक्टाबाईंनी एकही सामना चुकवला नाही. मैदानाच्या कडेला आपली जुनी गाडी लावून, काचा वर करून आत बसायच्या, आणि गोल झाला की हॉर्न वाजवायच्या. संघाचे शर्टही त्याच धुवायच्या. “किलकॉरिनचं नाव असलेला शर्ट माझ्या दोरीवर वाळायचा नाही,” त्या म्हणायच्या. “त्याआधी मी जाईन, सांगून ठेवते.”

उत्कर्षाची सुरुवात फेब्रुवारीतल्या एका रविवारी झाली. गावचा निवृत्त लोहार वारला होता, म्हणून सामन्याआधी एक मिनिट शांतता पाळायची होती. आमचे अध्यक्ष मॅलाकी गॉर्मली यांना लोहाराबद्दल विशेष जिव्हाळा होता. (त्याने यांचं फाटक दुरुस्त केलं होतं.) त्यांनी शांततेला जोडून जपमाळेची अख्खी दहा मण्यांची प्रार्थना म्हटली आणि लोहाराच्या स्वभावावर चार शब्द बोलले. समुद्रावरून वारा येत होता. पाहुणा संघ अर्ध्या चड्डीत, माना खाली घालून उभा होता. आमची पोरं आतून अट्रॅक्टाबाईंनी विणलेल्या लोकरीच्या बंड्या घालून होती. शिट्टी वाजली तेव्हा पाहुण्यांच्या बचावफळीचे गुडघे वळेनात. पोस्टमनने चालत जाऊन गोल केला.

हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण आमची कार्यकारिणी शास्त्रीय दृष्टीची होती. पुढच्या रविवारी प्रयोगाची पुनरावृत्ती केली आणि निष्कर्ष तोच आला.

आमच्याकडे रोज सकाळी स्थानिक रेडिओवर मयतांची नावं वाचतात. अख्खा जिल्हा हातातला घास हातात धरून ऐकतो. आता कार्यकारिणी ती नावं ऐकून सामन्याची आखणी करू लागली. गावात माणसं मोजकीच, आणि हिवाळा संपला की मरण्याचं प्रमाण दुर्दैवाने घटतं, म्हणून शोकास पात्र व्यक्तींची व्याख्या रुंदावण्यात आली. त्यात गावकरी आले, गावकऱ्यांचे बॉस्टनमधले चुलते आले, ब्रिस्बेनमधली एक नन आली, आणि एकदा गाडी पंक्चर झाली म्हणून आमच्या गावात चहा प्यायलेले बिशप आले. शिवाय प्रत्येक मयताचा महिना भरला की चर्चमध्ये त्याच्या नावाने प्रार्थनाविधी, म्हणजे मिस्सा, असते आणि वर्ष भरलं की पुन्हा असते. म्हणजे काटकसरीने वापरलं तर एका मयतात तीन सामने निघत.

समोरचा संघ फारच तगडा असला, तर शांतताही पुरत नसे. अशा वेळी अंत्ययात्रेच्या कारणाने सामना पुढे ढकलण्याची विनंती केली जाई, आणि तो तगड्या संघाची पोरं शेतातल्या कापणीत अडकेपर्यंत ढकलला जाई. विनंती कुणीही नाकारत नसे. आमच्या जिल्ह्यात माणूस बायकोला नाही म्हणेल, बँकेला नाही म्हणेल, पण मयताला नाही म्हणणार नाही. म्हटलं तर त्याच्या स्वतःच्या मयताला कोण येणार?

दोन वर्षांत आम्ही तळाच्या विभागातून वरच्या विभागात गेलो. वर्तमानपत्राने आमच्या ‘अभेद्य मनोधैर्या’वर लेख लिहिला. गल्लीबोळांतून मुलं मनोधैर्याने चालू लागली. अट्रॅक्टाबाई मात्र खूश नव्हत्या. एकदा काच खाली करून त्या मला म्हणाल्या, “काय रे फिंटन, हे फुटबॉल आहे की तेरावं? तोंडं मिटून उभे राहता ते पुरे. जरा पळा की!”

“पण बाई, जिंकतोय ना आपण!”

“जिंकतोय कोण? वारा जिंकतोय,” त्या म्हणाल्या आणि काच वर केली.

किलकॉरिनचे अध्यक्ष पुलावर भेटले तेव्हा त्यांनीही विषय काढला. “मेलेल्यांचा मान आम्हीही ठेवतो, मॅलाकी. पण तुमच्याकडे माणसं मरतात तरी किती?”

“हवा चांगली आहे,” मॅलाकी म्हणाले. “लोक मरायला आमच्याकडेच येतात.”

यावर किलकॉरिनने करायचं तेच केलं. पुढच्या सामन्याला ते त्यांची स्वतःची मयतं घेऊन आले. आमची नावं संपली की त्यांची सुरू होत, आणि त्यांची संपत आली की मॅलाकींना आणखी एक आत्या आठवे. खेळ सुरू झाला तेव्हा अंधार पडत आला होता आणि मैदानावर दिवे नव्हते. दोन्ही संघ बराच वेळ पळाल्याचा आवाज आला. चेंडू दुसऱ्या दिवशी गटारात सापडला. सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर झालं.

मग लीगला जाग आली. लीगचे सचिव प्रंटी हे कनवाळू गृहस्थ. त्यांनी अत्यंत जड अंतःकरणाने नियम केला, की सामन्यागणिक मयत एकच, शांतता खरोखर एकच मिनिट, आणि एका हंगामात अंत्ययात्रेसाठी सामना एकदाच पुढे ढकलता येईल. हा नियम थेट आमच्या काळजात घुसला. त्या हंगामातली आमची एकुलती एक सवलत आम्ही सप्टेंबरातच, एन्डाच्या वहिनीच्या बॉस्टनवासी मावशीवर, खर्च करून बसलो होतो. (मावशी नव्वदीच्या पुढच्या होत्या. घाई कशाची होती, ते आजही कुणी सांगत नाही.)

त्यानंतर आम्ही हरलो. कसे हरलो याचा तपशील देत नाही, कारण त्यात वैविध्य नाही. किलकॉरिनचीही तीच गत झाली, कारण त्यांनाही आता उभं राहण्याची सवय लागली होती. हंगामाच्या शेवटी तळाला दोघेच उरले आणि शेवटचा सामना एकमेकांशी आला, आमच्या मैदानावर, रविवारी दुपारी. प्रंटींनी स्पष्ट केलं, की हरेल तो जिंकेल त्याच्यात विलीन होईल आणि नाव जिंकणाऱ्याचं राहील.

त्याच आठवड्यात अट्रॅक्टाबाई अंथरुणाला खिळल्या. न्यूमोनिया झाला होता. आम्ही सगळे खोलीत माना खाली घालून उभे राहिलो, कारण आम्हाला तेवढंच येत होतं.

“मी बहुधा रविवार काही गाठत नाही,” त्या म्हणाल्या. “तेव्हा नीट ऐका. माझ्या मयताला यायचं नाही. एकानेही. समजलं? सामना खेळायचा.”

“असं काय बोलता बाई,” मॅलाकी म्हणाले. “लोक काय म्हणतील?”

“मी मेलेली असेन. मला काय ऐकू येणार आहे?” त्यांना धाप लागली होती, तरी बोलल्या. “डिनीने कुरण काय तुम्हाला उभं राहायला दिलं होतं? पळा रे एकदा. माझ्यासाठी पळा.”

त्या शुक्रवारी गेल्या. शनिवारी सकाळी रेडिओवर नाव आलं आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच त्या नावांत मला सामना दिसला नाही. मी स्वयंपाकघरात बसून रडलो.

दफनाची मिस्सा रविवारी दुपारी ठरली, सामन्याच्याच वेळेला. फादरांना दुसरी वेळ नव्हती आणि लीगकडे दुसरी तारीख नव्हती. कार्यकारिणीने तातडीची सभा घेऊन सर्वानुमते ठराव केला, की कै. श्रीमती कफ यांच्या अंतिम इच्छेचा आदर करून एकानेही अंत्यविधीस न जाता संपूर्ण संघाने मैदानावर हजर राहावं. ठराव ऐकताना पुष्कळांचे डोळे पाणावले. असा उदात्त ठराव आमच्या क्लबाने त्याआधी केला नव्हता.

रविवारी मी बादली भरली आणि विचार केला, की मी काय, बादलीवाला. माझ्यावाचून सामना थोडाच अडतोय? चर्चमध्ये नुसतं तोंड दाखवून येतो. मागच्या दाराने आत शिरलो तर एन्डा बसलेला. तो कुजबुजला, “गोलकीपर काय, कुणीही उभा राहतो. म्हटलं, दहा जण आहेत की.” पोस्टमनही तसंच समजून आला होता, ज्या बाईला जन्मभर पत्रं पोचवली तिला शेवटचं पोचवायला नको? ते दोघे भाऊ दोन वेगवेगळ्या दारांनी आले आणि एकाच बाकावर भेटले. मॅलाकी पहिल्या रांगेत, अध्यक्ष या नात्याने. मिस्सा निम्मी झाली तेव्हा आमचा संघ पुरा झाला, राखीव खेळाडूंसकट.

मागे वळून पाहिलं तर शेवटचे तीन बाक किलकॉरिनने भरले होते. काळ्या कोटांच्या आतून निळे शर्ट दिसत होते.

“तुमचा सामना आहे ना आज?” मॅलाकींनी दातओठ खात विचारलं.

“हो, तुमच्याशीच,” त्यांचे अध्यक्ष म्हणाले. “पण हिने माझ्या आईच्या मयताला सँडविच करून आणली होती. न येऊन कसं चालेल?”

“मग मैदानावर कोण आहे?”

आमच्याकडे शववाहिका कबरस्तानाच्या वाटेवर माणसाच्या आवडत्या ठिकाणी क्षणभर थांबवतात. अट्रॅक्टाबाईंची अर्थात मैदानाच्या फाटकाशी थांबली. आत पाऊस पडत होता आणि मधल्या वर्तुळात रेफरी एकटा उभा होता. तो दुसऱ्या जिल्ह्यातला, बिचाऱ्याची इथे कुणाशी ओळख नाही, म्हणून वेळेवर आला होता. शववाहिका पाहून त्याने टोपी काढली आणि नियमाप्रमाणे एक मिनिट शांतता पाळली. मग शिट्टी वाजवून सामना सुरू केला, घड्याळ पाहिलं आणि दोन्ही संघ गैरहजर म्हणून दोघांनाही पराभूत जाहीर केलं. मागून कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न एकदा वाजला. तेवढ्या मोठ्या रांगेत कुणी कुणाला रागावलं नाही.

प्रंटींनी नियम पाहिला. पराभूत क्लब विजेत्यात विलीन व्हायचा होता. पराभूत दोन होते, विजेता नव्हता. सबब दोन्ही क्लब कशातही विलीन न होता विलीन झाले. कुरणात अटीप्रमाणे गाई आल्या. किलकॉरिनचं नाव असलेला शर्ट अट्रॅक्टाबाईंच्या दोरीवर कधीच वाळला नाही, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या बाईंच्या इच्छेचा पूर्ण मान राखला गेला, असं कार्यकारिणीचं मत पडलं. मला विचाराल तर बाईंनी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती आम्ही अकराच्या अकरा जणांनी मिळून दिली नाही.

क्लब गेल्याचं रेडिओवर आलं. रविवारी आम्ही गावच्या हॉलमध्ये टेबलावर शर्टांची घडी, चेंडू आणि दोन मेणबत्त्या ठेवून बसलो. आमच्या शेवटच्या, म्हणजे खेळल्या गेलेल्या, सामन्याला प्रेक्षक नऊ होते. (एक कुत्रा.) या दिवशी मोटारी पुलापर्यंत लागल्या. माणसं तासन्‌तास रांगेत उभी राहिली, मॅलाकींचा हात दाबत होती. “फार चांगला क्लब होता हो.” “मला तर नेहमी यायचं असायचं, पण रविवारी काही ना काही निघतंच.” कित्येकांचे डोळे खरोखर ओले होते. मी कुणावर रागावलो नाही.

तुम्हीही आलातच की. पस्तीस वर्षं दर रविवारी आम्ही खेळत होतो, तेव्हा तुम्ही एकदाही आमचा स्कोअर विचारला नाहीत. आता गेल्याचं कळल्यावर मात्र अगदी पहिल्या ओळीपासून इथवर शांतपणे रांगेत उभे राहिलात. संकोच करू नका, आमच्याकडे हीच रीत आहे. पुढे या, हात मिळवा, वाईट झालं म्हणा. चहा डावीकडे आहे, सँडविच उजवीकडे. अंड्याची मिळणार नाहीत, ती अट्रॅक्टाबाई करायच्या.