बिनघामाची उंबरं

एका जंगलात, बाळांनो, एक उंबराचं झाड होतं. एवढं मोठं, की अख्खं जंगल त्याच्या सावलीला बसायचं आणि वर पाहुण्यांना जागा उरायची. उंबरं पिकली की आपोआप खाली पडायची. टप टप टप. "काय रे, आज काय काम केलंस?" असं ते झाड कुणाला विचारत नसे. झाडाला तेवढी अक्कल कुठली!

ती अक्कल राजाला होती. या जंगलाचा राजा होता गवा. वाघ पलीकडच्या जंगलात असतो, उगाच घाबरू नका. तर या गव्याचे आजोबा, म्हणजे थोरले महाराज, एकदा धावले होते. एकदाच. मागे गांधीलमाश्या लागल्या होत्या. घामाघूम होऊन ते झाडाखाली पोचले आणि त्यांनी एक उंबर तोंडात टाकलं. अहाहा! इतकं गोड उंबर त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला : ज्याला घाम, त्यालाच उंबर!

घाम खरा की खोटा हे बघायला एक अस्वल नेमलं गेलं. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. रावसाहेब झाडाखाली बसायचे आणि येईल त्याची मान चाटायचे. खारट लागली तर म्हणायचे, "पुढे व्हा." नाही लागली तर, "अळणी! चला, हटा!"

आता एक गंमत सांगते. डुकराला घामच येत नाही. हसताय काय? खरंच येत नाही. ते चिखलात लोळतं ते काय हौस म्हणून? अंग गार करायला बिचाऱ्याला दुसरा उपायच नसतो. पण हे थोरल्या महाराजांना कोण सांगणार? त्यांना घाम आला, म्हणजे सगळ्यांना येत असणार. राजेलोकांचं असंच असतं.

त्याच जंगलात राहायची धुरपदा रानडुकरीण. तिला खोदायचं भारी वेड. उन्हाळ्यात ओढा आटला, की ती नाकाने वाळू उकरून झरा मोकळा करायची. सगळं जंगल तिथलं पाणी प्यायचं. तिला कुणी सांगितलं नव्हतं हो! सकाळी उठून खोदलं नाही, तर तिच्या नाकालाच चैन पडत नसे.

संध्याकाळी ती पिल्लांना घेऊन झाडाखालच्या रांगेत उभी राहायची. रावसाहेब मान चाटायचे.

"अळणी!"

"अहो रावसाहेब, दिवसभर खोदतेय मी. नाक बघा, सोललंय."

"नाक दाखवू नका बाई. घाम दाखवा. नियम म्हणजे नियम," असं म्हणून रावसाहेबांनी शेजारच्या ढिगातलं एक उंबर उचलून तोंडात टाकलं. त्यांची मान कुणी चाटत नसे. त्यांच्या मानेपर्यंत पोचेल अशी दुसरी जीभच जंगलात नव्हती.

पावसाळ्यात कंदमुळं असायची, तेव्हा कसंबसं भागायचं. पण उन्हाळ्यात जमीन दगडासारखी व्हायची. धुरपदाचं धाकटं पिल्लू इतकं रोडावलं, की त्याच्या पाठीवरचे पट्टे एकमेकांना चिकटायला आले. ते रात्रंदिवस कुईकुई करायचं. धुरपदाच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं.

अशा वेळी मदतीला कोण धावून येतं? बरोब्बर, कोल्हा! गुणाजी कोल्ह्याने एका सपाट कातळावर वर्ग सुरू केला. 'घाम प्रशिक्षण वर्ग. खात्रीशीर खारटपणा.'

"आधी मान झऱ्यावर भिजवा," गुणाजी सर सांगायचे. "मग खारी माती चोळा. आता धापा टाका. अंहं, गळ्यातून नाही, पोटातून! चेहरा दीन! अजून दीन! शाब्बास!"

आणि काय सांगू, वर्ग धो धो चालला. जो तो सकाळी उठून कातळावर. मिळालेल्या उंबरांतली निम्मी सरांना द्यायची, एवढंच. सुगरणीचं घरटं अर्धवट लोंबकळू लागलं. मुंगसाला साप समोरून गेला तरी बघायला सवड नसे, त्याचा धापांचा सराव चालू असायचा. एक ससा तर वर्गात पहिला आला आणि त्याच्या आईने हरळीचे पेढे वाटले.

पिल्लाकडे बघून धुरपदाही गेली. दुसरं काय करणार? सकाळी माती, दुपारी धापा, संध्याकाळी रांग. झऱ्याकडे फक्त मान भिजवायला जायची, खोदायला वेळच उरेना.

रावसाहेबांनी मान चाटली आणि त्यांचा चेहरा उजळला. "खारट! वा बाई, आता कशा मेहनती झालात!"

त्या दिवशी धुरपदाने इकडची काडी तिकडे केली नव्हती. पण पिल्लू उंबरं खाऊन टम्म झालं आणि आईच्या कुशीत ढेकर देऊन झोपलं. धुरपदाला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

थोड्याच दिवसांत झरा बुजला. बुजणारच! खोदणारी कातळावर धापा टाकत बसली होती. पाणी नाही म्हणजे मान भिजेना. मान भिजेना म्हणजे माती चिकटेना. त्या संध्याकाळी रावसाहेबांनी अख्खी रांग चाटली. "अळणी! अळणी! अळणी!" एकालाही उंबर मिळालं नाही. झाडाखाली ढीग सडायला लागला आणि धाकट्या पिल्लाची कुईकुई पुन्हा सुरू झाली.

इकडे राजवाड्यातही प्यायला पाणी नाही. महाराज तावातावाने झाडाखाली आले. "धुरपदा! झरा का नाही खोदलास?"

"वेळ कुठाय महाराज? घामाच्या वर्गाला जाते ना."

"मग आत्ता खोद!"

"खोदते की. पण पोटात काही नाही, नाकात जोर कुठून आणू? आधी सगळ्यांना उंबरं वाटा. रोज वाटा. न चाटता वाटा."

"न चाटता?" रावसाहेबांची जीभ जमिनीला टेकली. "महाराज, ऐकू नका! सगळे आळशी होतील! लोळत पडतील!"

"आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या भवितव्याचं काय?" गुणाजी सर ओरडले.

 धुरपदाच्या पायाशी पिल्लू कुईकुई करत होतं. ती म्हणाली, "महाराज, एक विचारू? तुमची मान कोण चाटतं?"

"आमची? कुणी नाही. आम्हाला जन्मापासून उंबरं घरपोच येतात. आमच्या वडिलांनाही येत होती."

"मग तुम्ही आळशी झालात का हो?"

 महाराज पुरते अडकले. हो म्हणावं तर अब्रू जाणार. नाही म्हणावं तर वाद संपला, उंबरं वाटावी लागणार. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि मग त्यांना असा दरदरून घाम फुटला, असा फुटला, की थेंब जमिनीवर पडायला लागले.

रावसाहेबांना राहवेना. सवय हो, दुसरं काय! ते पुढे धावले आणि त्यांनी महाराजांची मान चाटली.

"खारट! अस्सल! कित्येक वर्षांत असा घाम चाखला नाही! महाराज, पुढे व्हा!"

मग जे हसू फुटलं म्हणता! सुगरण फांदीवरून खाली पडली. ससे गडाबडा लोळले. महाराज लाजून लालेलाल झाले आणि ओरडले, "वाटा! वाटा रे सगळ्यांना, आणि गप्प बसा!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी न चाटता उंबरं खाल्ली. धुरपदाने ढेकर दिला आणि ती उठली. नाक शिवशिवत होतं ना! दुपारपर्यंत झरा खळखळ वाहू लागला आणि पिल्लं त्यात डुंबली.

कुणीच आळशी झालं नाही म्हणता? झालं की. एक वानर दिवसभर फांदीवर लोळायचं. पण ते आधी रांगेत लोळायचं, आणि आता पिल्लांना झोके घ्यायला त्याची शेपटी तरी मिळाली. रावसाहेब थोडे दिवस उदास फिरले. मग एका वारुळात सहज जीभ घातली आणि कळलं, की अस्वलाची जीभ मुळात वाळवी खायला असते. आता ते कुणाच्या मानेकडे ढुंकून बघत नाहीत.

आणि गुणाजी सर? त्यांनी नवा वर्ग काढलाय. 'फुकट खाऊनही ताठ मानेने कसं जगावं.' शिकवायला स्वतः महाराज जातात. अनुभव दांडगा आहे.

तात्पर्य : फुकटचं खाल्लं की प्राणी आळशी होतो, हे त्रिवार सत्य आहे. म्हणून फुकटचं फक्त त्यांनाच द्यावं, ज्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या पचलंय. बाकीच्यांनी मान ओली करून रांगेत उभं राहावं.