चार केक आणि एक सभ्य कुलूप

"जे फाइलमध्ये नाही, ते जगात नाही!" एर्मेलिंदा आजीने कॉफीचा पेला टेबलावर आपटून जाहीर केले, आणि अख्ख्या घराने मान डोलावली. न डोलावण्याची त्या घरात पद्धतच नव्हती.

नात यारेत्सीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा शनिवारवर आला होता. कोआतेपेक गावात असा सोहळा एकट्या घराला झेपत नाही. प्रत्येक वस्तूला एक धर्मपिता, म्हणजे तिचा खर्च उचलणारा मानकरी, शोधावा लागतो. झग्याचा वेगळा, बुटांचा वेगळा, केकचा वेगळा. आणि सर्वांत मानाचा तो संगीताचा, कारण बँडशिवाय आजोबांबरोबरचा वॉल्ट्झचा नाच नाही, आणि वॉल्ट्झशिवाय मुलगी पंधरा वर्षांची झाली असे कोण म्हणेल?

आता ही यादी इतर बायका वहीत लिहितात. एर्मेलिंदाने मात्र पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तीस वर्षे सी भाषेत प्रोग्रॅम लिहिले होते. तिने यादीची फाइल केली आणि ती चालवायला स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला.

इथवर सारे उत्तम. पण भिंतीपलीकडे ओब्दुलिया राहत होती. ती एर्मेलिंदाची कोमाद्रे, म्हणजे तिच्या लेकीची धर्ममाता; शिवाय त्याच कचेरीत, त्याच खोलीत, समोरच्याच टेबलावर तीस वर्षे काढलेली.

"तुझा प्रोग्रॅम मी वापरू?" ओब्दुलिया म्हणाली. "त्यापेक्षा मी स्वयंपाकाला तुझं मीठ वापरेन!"

तिने आपला वेगळा प्रोग्रॅम लिहिला, भिंतीवरून वायर टाकली आणि तीच फाइल तिकडूनही उघडली. दोन्ही प्रोग्रॅम सारखेच शहाणे! अख्खी यादी उचलायची, पोटात घालायची, हवा तो बदल करायचा आणि जुनी यादी पुसून आपली जागेवर ठेवायची. एका वेळी एकच बाई बसली असती तर बिघडले नसते. पण या दोघींनी आयुष्यात कधी एकमेकींना आधी बोलू दिले होते?

सोमवारी दोघींनी एकदमच यादी उघडली. एर्मेलिंदाने लिहिले, 'संगीत: फिदेन्सिओ', आणि फाइल जतन केली. पाच मिनिटांनी ओब्दुलियाने आपली जुनी यादी जतन केली. तीत संगीतापुढे काहीच नव्हते. मंगळवारी उलटे घडले: ओब्दुलियाने केकपुढे आपला दंतवैद्य भाचा लिहिला, आणि एर्मेलिंदाच्या जुन्या यादीखाली तो केकसकट नाहीसा झाला!

रोसाउरा ही एर्मेलिंदाची लेक. रोज छापील यादी घेऊन मोकळ्या जागा फोनवरून भरणे हे तिचे काम. बुधवारी पहिली रिकामी जागा केकची, आणि बँडवाला फिदेन्सिओ यादीत कुठेच नाही, म्हणजे पूर्ण मोकळा! तिने विश्वासाने केकसाठी त्याला फोन लावला.

"सोमवारी बँड मागता, बुधवारी केक!" फिदेन्सिओ गरजला. "माझा ट्रम्पेट बेसूर वाटला असेल तर सरळ तोंडावर सांगा ना, बाई!" आणि फोन आपटला.

"अगं, त्याला सोमवारीच विचारलं होतं मी!" एर्मेलिंदा कडाडली.

"पण आई, तो फाइलमध्ये नव्हता. म्हणजे जगातच नव्हता."

स्वतःचेच वाक्य असे पायात अडकलेले पाहून एर्मेलिंदाने कॉम्प्युटर पुढे ओढला. फिदेन्सिओची माफी मागावी हा विचार मनात आला. पण एकाहत्तर वर्षांत न केलेली गोष्ट एका बुधवारी कशी करायची? त्याऐवजी तिने फाइलला कुलूप घातले. एक प्रोग्रॅम लिहीत असताना दुसऱ्याने थांबायचे. फिदेन्सिओचे नाव पुन्हा टाकून ती निश्चिंत झोपली.

शुक्रवारी नाव पुन्हा गायब!

"ओब्दुलिया! फाइलला कुलूप होतं, दिसलं नाही?"

"कुठलं कुलूप? माझा प्रोग्रॅम विचारत नाही बाई."

त्या कुलपाची गंमत अशी, की ते सभ्यांसाठी असते. 'कुणी आत आहे का?' असे विचारणाऱ्यालाच ते अडवते. न विचारणारा खुशाल आत शिरतो.

"लिहिण्याआधी विचारायला नको?"

"चाळीस वर्षं तुझ्या घरात शिरतेय, कोमाद्रे. कधी दार वाजवलंय?"



शनिवारी दहापर्यंत तीन केक दाराशी आले: दंतवैद्याचा, औषधवाल्याचा आणि शाळेतल्या बाईंचा. भाच्याला ओब्दुलियाने, बाकीच्या दोघांना रोसाउराने केकची जागा रिकामी पाहून पक्के केले होते. बँड मात्र एकही नाही. गुलाबी झग्यात घेरासकट अर्धे अंगण व्यापून उभी असलेली यारेत्सी हळूच म्हणाली, "आजी, मी नाचू कशावर?"

एर्मेलिंदाने शाल घेतली आणि फिदेन्सिओकडे निघाली. कोपऱ्यावरच फिदेन्सिओ समोर आला. त्याने तोंड उघडण्याआधीच तिने डोळे मिटले आणि कडू औषध घ्यावे तसे म्हणून टाकले, "चूक माझी होती."

"कसली चूक? सोमवारी शब्द दिला होता, आलो." त्याच्या मागे अकरा वादक उभे होते. "आणि बुधवारी चिडलो, पण केकला नाही कुठं म्हटलं?" बाराव्या माणसाच्या हातात चौथा केक होता.

"म्हणजे माफीची गरजच नव्हती? मग मी ती परत घेते!"

"छे! तुमची माफी गावात आजवर कुणाला मिळालेली नाही. ही मी ठेवणार!"

वॉल्ट्झ झाला. आजोबांनी नातीच्या पायावर दोनदा पाय दिला, दोन्ही कोमाद्रे एकाच रुमालात रडल्या, आणि गल्लीने आठवडाभर केक खाल्ला.

पुढच्या महिन्यात धाकट्या नातवाचा बाप्तिस्मा ठरला. या वेळी कॉम्प्युटर नको, एक वही आणि एकच पेन्सिल, असे दोघींनी शहाणपणाने ठरवले. ओब्दुलियाने वही उचलली, एर्मेलिंदाने पेन्सिल.

"आधी वही दे."

"आधी पेन्सिल दे."

दोघे एकमेकांची वस्तू अडवून बसले की कुणाचेच काम पुढे सरकत नाही, हे एर्मेलिंदाने कचेरीत तीस वर्षे नवख्यांना शिकवले होते. तरी तिने पेन्सिल अंबाड्यात खोचली, ती खोचलीच.

तिसऱ्या आठवड्यात रोसाउरा कमरेवर हात ठेवून दोघींपुढे उभी राहिली. "आता तरी सोडा! बाप्तिस्मा गेल्या रविवारी झाला. तुम्ही दोघी पहिल्या रांगेत होतात!"