फोटोपुरता सातबारा

सापगावच्या समाजमंदिरात साठ खुर्च्या होत्या, एकेचाळीस बाया होत्या, कंपनीची पाच माणसं होती आणि सातबारा एकच होता. तो मात्र आठ फूट उंच, थर्माकोलचा. त्यावर ठळक अक्षरांत ‘बाईजा रामा भोईर’ छापलं होतं. सगळ्यांत आखूड नाव म्हणून तिची निवड झाली होती.

‘महिलांच्या नावे जमीन’ हा कंपनीचा सामाजिक उपक्रम. साहेबांनी फलक दिला, बाईजानं धरला, फोटो निघाला. लगेच कंपनीची मनस्वी घड्याळ बघत पुढे आली.

“मावशी, द्या तो. दोन वाजता मुरबाडला कार्यक्रम आहे.”

“जा की. मी नाय म्हनते का?”

“फलक हवाय. तिथेही हाच द्यायचाय.”

“माझ्या नावाचा? तिथल्या बाईला?”

“फोटोत नाव वाचता येत नाही हो!”

“मंग माझा खरा कुठं हाय?”

“तलाठ्याकडे. नोंद झाली की मिळेल.”

“नवरा गेल्यापास्नं तीच नोंद चाललीय. दीर हरकत घेतो, नि दरसाल बांध माझ्या शेतात सरकवतो. खरा येईपर्यंत ह्यो राहू दे.”

बाईजानं फलक आडवा टाकला आणि त्यावर बसली. थर्माकोल करकरला.

मनस्वीनं पुढे निघून गेलेल्या साहेबांना फोन लावला. “ओढू नकोस, फुटेल!” साहेब ओरडले. “पण घेऊनच ये!”

बाहेर टेम्पोवाला हरेश हॉर्न दाबून बसला होता. “मॅडम, येता का मी जाऊ?”

मनस्वी तशीच गेली. मुरबाडच्या बाईनं त्या दिवशी स्वागताचा बॅनर उलटा धरून फोटो काढून घेतला.

बाईजानं फलक दोन बांबूंना बांधला आणि शेतात रस्त्याच्या कडेला उभा केला. संध्याकाळी दीर आला, लडकू.

“वैनी, ह्ये काय गो लावलंस?”

“सातबारा.”

“येवढा असतो का?”

“तुजा केवढा हाय?”

लडकूचा घडी घालून खिशात मावत होता. तेवढ्यात मुरबाडची जीप हळू झाली. आतल्या माणसांनी माना बाहेर काढून मोठ्यानं वाचलं, “बाईजा रामा भोईर!” मागच्या जीपनंही वाचलं. टपावरून एकानं विचारलं, “लडकू, मंग तुजं शेत कंचं रं?”

त्यानंतरची प्रत्येक जीप तिथं हळू होऊ लागली.

आठवड्यानं मनस्वी फलक न्यायला आली. तिच्या अहवालात ‘मोजता येईल असा परिणाम’ हा रकाना रिकामा होता आणि साहेबांचे तीन फोन येऊन गेले होते.

“ने,” बाईजा म्हणाली. “पन आदी मोजायची टेप काढ.”

गेल्या आठवड्यापर्यंतच्या बांधाची खूण अजून दिसत होती. मनस्वीनं तिथं टेपचं टोक धरलं. लडकूनं घातलेला नवा बांध तिथून चार फूट दोन इंच लांब होता, त्याच्याच बाजूला.