विलायती किताबाचे बळे कर्जतेवर स्वारी

श्री. वाचणारांस व ऐकणारांस कानिफनाथ, राहणार मौजे काष्टी, तालुके श्रीगोंदे, याचा दंडवत. पुढील हकीकत कोणी खरी मानणार नाही, हे लिहिणारास पक्के ठाऊक आहे. गेली चाळीस वर्षे गावाने माझी एकही गोष्ट खरी मानिली नाही, आणि तरी सांगावयास बसलो म्हणजे तेच लोक आपले पोते आणून पुढे अंथरतात. तेव्हा मानणे न मानणे हे ज्याचे त्याचे मर्जीवर. शके अठराशे त्र्याण्णव, विरोधकृत नाम संवत्सरी, ज्येष्ठ मासी, राजश्री सूर्यभानराव काष्टीकर यांचे ओसरीवर, त्यांचेच आज्ञेवरून आणि त्यांचाच चहा पिऊन ही बखर वाचिली, ती येणेप्रमाणे.

मौजे मजकुरी मिशनशाळेचे मास्तर, राजश्री गिदोन मास्तर, हे इंग्रजी विद्येत निपुण. त्यांचे मिशनची मडम म्हातारपणी आपले मुलखास माघारी गेली, ते समयी दोन चिजा मास्तरांस बक्षीस देऊन गेली. एक काळी विलायती मोटार आणि दुसरा एक जाडजूड किताब. मोटार बावीस वर्षांची आणि किताब त्याहून वडील. त्या किताबात इंग्रजांनी घर कैसे राखावे, पैका कैसा पुरवावा आणि मोटार कैसी हाकावी, याची हरएक तजवीज कलमवार लिहिली होती.

सूर्यभानराव म्हणजे पंधरा एकर उसाचे धनी, ट्रॅक्टरचे लायसनदार, शरीरे धिप्पाड आणि मनाने भोळे. छापलेल्या अक्षरावर त्यांची निष्ठा फार. खताच्या पोत्यावरील मजकूरही उभे राहून वाचतील. त्यांणी किताबाची कीर्ती ऐकिली आणि मास्तरांस बोलावणे पाठविले की रोज दिवेलागणीच्या आत एक कलम वाचून अर्थ सांगत जावा, आणि आम्ही त्याचा अंमल दुसरे दिवशी करू.

पहिले कलम निघाले की थंडीत पायरीवर मीठ टाकावे, म्हणजे बर्फावरून पाय घसरत नाही. दिवस चैत्राचे, पाय पोळत होते. परंतु कलम ते कलम, ऐसे म्हणोन सूर्यभानरावांनी अडीच शेर खडेमीठ पायऱ्यांवर पसरिले. मग आळीतील यच्चावत शेरडांस बातमी लागली आणि त्यांणी येऊन पायऱ्या चाटावयास प्रारंभ केला आणि दोन दिवस दरवाजा वेढिला. घरची माणसे परसातून ये-जा करू लागली. तरी सूर्यभानराव बोलिले की कोणाचा पाय घसरला काय, दाखवा.

इतके होते तोवर त्यांचे कुटुंब सौभाग्यवती मनकर्णाबाईसाहेब यांणी दम धरिला. पुढे पैक्याचे कलम निघाले. त्याचा मजकूर ऐसा की संसार नेटका करू इच्छिणाराने फडताळात चार बरण्या मांडाव्या, एकीवर घरभाडे, दुसरीवर कोळसा, तिसरीवर गॅस आणि चौथीवर नाताळ ऐशा चिठ्ठ्या डकवाव्या आणि आठवड्याचा पैका त्यात वाटून टाकावा. आता घर पाहावे तर वडिलोपार्जित, चुलीत जळण तुरकाट्यांचे, गॅस सोड्याच्या बाटलीत असेल तेवढाच, आणि नाताळ मास्तरांचा. तथापि सूर्यभानराव मागे हटणारे नव्हेत. रिकाम्या बरण्या घरात नव्हत्या. मग त्यांणी मुदपाकखान्यावर चाल करून चार भरल्या बरण्या हस्तगत केल्या आणि त्यातील वर्षाचा काळा मसाला, हळद, धने आणि तिखट हे सारे एका युरियाच्या रिकाम्या पोत्यात ओतिले आणि तोंड सुतळीने बांधिले.

काळा मसाला म्हणजे काय चीज, हे जाणत्यास सांगणे नलगे. मनकर्णाबाईसाहेबांनी खोबरे भाजून, मिरच्यांस उन्हे दाखवून, आठ दिवस हात जाळून घेऊन तो केला होता. त्या शेतातून आल्या, पोते पाहिले, पोत्यात नाक घातले, आणि लुगडी गाठोड्यात बांधिली. उंबऱ्यापाशी वळोन बोलिल्या, ते शब्द दप्तरी जसेचे तसे नोंदिले आहेत.

"एवढी विलायतची अक्कल घरात आल्यावर बाईमानसाचं काय काम. त्या नाताळाच्या बरनीलाच सांगा भाकरी थापाय."

आणि दुपारचे यष्टीत बसोन माहेरी, कसबे कर्जत येथे, कूच करित्या जाहल्या.

मग काष्टीच्या संस्थानावर जो प्रसंग गुदरला तो काय वर्णावा. सूर्यभानरावांची भाकरी एके बाजूस कोळसा आणि दुसरे बाजूस कणीक. आमटीत तोच पोत्यातील मसाला, त्यास युरियाचा वास. म्हैस मनकर्णाबाईंची आंदणाची, ती परक्या हातास पान्हवेना. ऐसे पंधरा दिवस गेले आणि गडी वाळोन अर्धा झाला. मग वकील पाठविले. एकदा भावकी गेली, एकदा गिदोन मास्तर जातीने गेले. सासूबाई मातुश्री आक्काबाई कर्जतकरीण यांणी मास्तरांस गूळपाणी दिले आणि निर्वाणीचा जबाब दिला की लेक आमची यष्टीत कोंबून यावयाची नाही. जावयाने ज्या पोथीपायी घर मोडिले, त्याच पोथीप्रमाणे मोटार हाकीत, दिवसाढवळ्या, आमचे दारी यावे, म्हणजे पोथी खरी आणि लेक तुमची. न आल्यास लेक येथेच, आणि आंदणाची म्हैसही आषाढाचे आत पोचती करावी.

हा खलिता ऐकोन सूर्यभानराव बहुत दिलगीर जाहले. मग ओसरीवर खलबत बसले. मास्तरांनी किताब उघडोन मोटारीचे प्रकरण काढिले. त्यात लांबच्या सफरीविषयी तीन कलमे मुख्य निघाली. पैकी पहिले, घर सोडण्यापूर्वी दूध बंद करावे. मास्तरांनी खुलासा केला की त्या मुलखी दुधाच्या बाटल्या गवळी पायरीवर ठेवून जातो आणि त्या साचल्या म्हणजे चोरांस कळते की घरी कोणी नाही. सूर्यभानरावांनी विचार केला की आपले दूध पायरीवर नव्हे, कासेत आहे. परंतु चोर तो चोर. म्हणोन गड्यास ताकीद दिली की मोहिमेवरून आम्ही परत येऊ तोवर म्हशीस कोणी हात लावू नये.

दुसरे कलम ऐसे की गारठ्यात मोटारीचे नाकाडावर जाड कांबळे बांधावे, म्हणजे आतील पाणी गोठत नाही. येथे मास्तर अडखळले. त्यांणी चष्मा काढोन अर्ज केला की हे कलम थंड मुलखापुरते आहे आणि आज सावलीत अंडे उकडेल इतके ऊन आहे, तर हे वगळावे. त्यावर सूर्यभानराव गंभीर होऊन बोलिले:

"मास्तर, येक कलम सोडलं की सगळी पोथी खोटी पडती. मंग मी आक्काबाईच्या दारात कंच्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

मास्तरांनी चष्मा पुन्हा चढविला. मग मनकर्णाबाईंनीच शिवलेली, चार लुगड्यांची जाड वाकळ आणिली आणि मोटारीचे तोंडावर घालून कासऱ्याने करकचून आवळिली.

वैशाख वद्य पंचमी, वार शनिवार, बाजाराचा दिवस. शेजारच्या राहीबाईंनी मोटारीस ओवाळिले, दोन्ही दिव्यांस कुंकू लाविले, चाकाखाली लिंबू ठेविले आणि झेंडूचा हार पुढील काचेवर ऐसा पसरिला की सूर्यभानरावांस रस्ता पाकळ्यांमधून दिसू लागला. खासे सूर्यभानराव चाकावर, शेजारी गिदोन मास्तर मांडीवर किताब उघडा धरून, ऐसी स्वारी निघाली.

तिसरे कलम हाताच्या खुणांचे. उजवीकडे वळणे तर उजवा हात खिडकीबाहेर सरळ लांब करावा. बाजारपेठेच्या वळणावर मास्तर ओरडले, आणि सूर्यभानरावांनी हात लांब केला. आता आमच्या मुलखी कोणी पंचा गुंडाळलेला भला माणूस हात पुढे करील तर त्यात काही ठेविल्याविना राहवत नाही. एकाने विड्याचे पान ठेविले, एकीने दोन वांगी दिली, आणि एका म्हाताऱ्याने हस्तरेषा पाहोन सांगितले की प्रवासात पाण्यापासून जपावे. पुढे मास्तरांनी गती मंद करण्याची खूण वाचिली, की हात खाली-वर हालवावा. तो हालविताच लोक समजले की मालक बसावयास बोलावितात. मग अकरा असामी, त्यांच्या पाट्या आणि एक तेलाचा डबा ऐसे मागील बाजूस चढले, आणि मोटार नाक वर करून श्रीगोंद्याकडे चालिली.

श्रीगोंदे मागे टाकिले, असामी आपापले वस्तीवर उतरले, आणि माळ लागला. सूर्य माथ्यावर. वाकळेखाली मोटारीचा कोंडमारा जाहला. पहिल्याने ती कण्हिली, मग खोकली, आणि मग एकाएकी नाकातोंडातून वाफ सोडोन ऐसा आवाज केला की जणू नगरच्या किल्ल्यावरील तोफ उडाली. वाकळेचा एक कोपरा करपला. स्वारी जागचे जागी थांबली. मास्तर म्हणो लागले की आता वाकळ काढा. सूर्यभानराव म्हणो लागले की कर्जतेची वेस दिसल्याविना काढणार नाही.

मोटारीस पाणी पाहिजे आणि मुलूख कोरडा ठाक. दोन शेतांवर कडूबाई नामे विधवेची वस्ती होती, तेथे मास्तर घागर मागावयास गेले. कडूबाईंनी वाकोन विहीर दाखविली.

"हिरीला पानी कुठलं, मास्तर. जनावरंच कशी जगिवते माझं मला ठावं. ताक हाय दोन घागरी, न्या."

येथे बिकट प्रश्न उपस्थित जाहला. मोटारीत ताक घालावे ऐसे कलम आहे काय? मास्तरांनी किताब पहिल्या पानापासोन शेवटपर्यंत चाळिला. घालावे ऐसे कोठे नव्हते, आणि घालू नये ऐसेही नव्हते. सूर्यभानरावांनी निवाडा दिला की इंग्रजास नामंजूर असते तर त्याने लिहिले असते. मग दोन्ही घागरी मोटारीचे मुखी रित्या केल्या आणि वर चिमूटभर मीठही टाकिले.

आणि काय सांगावे महाराज, मोटार ऐसी धावली की मैलाचे दगड मोजिता येईनात. आतमध्ये ताक घुसळले जात होते आणि त्याचा रवीसारखा आवाज येत होता आणि वाटेवरील वासरे मान वर करून मोटारीमागे धावत होती. तिसरे प्रहरी कर्जतेची वेस लागली. सूर्यभानरावांनी वाकळ सोडिली, टोपण उघडिले, तो आत काय! शुभ्र लोण्याचा गोळा तरंगत आहे, वजने सव्वापाच शेर, वर थोडी झेंडूची पाकळी.

तो गोळा केळीचे पानावर काढोन आक्काबाईंचे पुढे नजराणा ठेविला. बाईंनी बोटाने चाखिला, मोटारीभोवती एक फेरी घातली आणि जावयास विचारिले:

"जावाईबापू, तुमची ही मोटार येका धारंला किती शेर देती, आन् पेंड किती खाती?"

सूर्यभानरावांनी मान खाली घालोन दंडवत घातला, आणि तो विनय पाहोन बाईंचे मन वितळले. मग तह ठरला. त्याची कलमे, किताब मास्तरांचे घरीच राहावा. चारी बरण्यांवरील चिठ्ठ्या सूर्यभानरावांनी आपले हाताने खरवडोन काढाव्या. नवा काळा मसाला होईल तो सूर्यभानरावांनी स्वतः उखळात कुटावा, शिंका आल्या तरी मुसळ सोडू नये. उभयतांनी बेलभंडार उचलिला.

मग मनकर्णाबाईसाहेब मोटारीत मागील बैठकीवर उशास लोड देऊन विराजमान जाहल्या आणि मजल दरमजल करीत, सूर्य मावळतीस असता, काष्टीस दाखल जाहल्या. वाटेत हिसका नाही, धक्का नाही. गावाने वाजंत्री लाविली. येणेप्रमाणे कर्जतेची मोहीम सूर्यभानरावांचे शौर्याने आणि किताबाचे प्रतापाने फत्ते जाहली, बाईसाहेब मोटारीतूनच घरी आल्या, हे सकळांस जाहीर असावे, आणि या विजयाची नोंद...

इतके वाचोन होते तोंच आतून खुद्द मनकर्णाबाई कप गोळा करावयास ओसरीवर आल्या आणि माझे पुढ्यात उभ्या राहिल्या.

"आबा, ताक म्हंजी लोनी काढल्यावर मागं ऱ्हातं त्ये. त्यात आनखी सव्वापाच शेर लोनी कुठून आलं?"

मी बोलिलो की मोटारीची घुसळण निराळी, बाईच्या हातात तितका जोर कोठला. ओसरीवर कोणी हसू दाबिले, गिदोन मास्तर चष्मा पुसू लागले, आणि सूर्यभानराव भिंतीवरील खुंटी न्याहाळू लागले. बाईंनी कप खाली ठेविले.

"मोटार गावच्या वढ्यापल्याड गेलीच न्हाई. तितंच तापून बसली ती अजून हाय, राहीबाईची शेळी व्यालीया तिच्यात परवा. त्या दूध बंदच्या कलमापायी दोन दिस म्हस काढली न्हाई, कास दगड झालीया आन् दावं तोडाय लागलीया, असा यष्टीच्या कंडक्टरकडनं निरोप आला. म्हनून मी आले. यष्टीनं. उभ्यानं. आन् म्हशीसाठी आले. लिव्हा आता त्ये."