राजाला शब्द सुचेना

ही २०१८ सालची गोष्ट. मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात ज्या गाळ्यात आधी शिंपी बसायचा आणि त्याच्याही आधी काजूगर मिळायचे, तिथे त्या वर्षी सर्वेशने पिझ्झाचं हॉटेल काढलं. पाच टेबलं, लाल गादीच्या खुर्च्या, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी नवरा-बायको जोडीने आले की आइस्क्रीम फुकट. त्याच वर्षी जानकीने बारा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट नवऱ्याच्या तोंडावर बोलून टाकली.

जानकीला सवत होती. सवतीचं नाव चंदन, आणि तिला दर दोन दिवसांनी दाढी करावी लागे.

जानकीचा नवरा महादू दशावतारी नाटकात राजाचं काम करायचा आणि चंदन त्याची राणी व्हायचा. गावोगावच्या जत्रांत जानकीने त्या दोघांचा संसार पहिल्या रांगेत बसून पाहिला होता. राणी रुसली की महादू गुडघ्यावर बसे. "देवी, आपण हसलात म्हणून या राज्यात उजाडलं," असं म्हणे. आणि घरी? घरी जानकी रुसली तर तो आपलं आपण वाढून घेई आणि "मीठ खंय आसा?" एवढंच विचारी.

"अगो, तां नाटकातला," तिने हे बोलून दाखवलं तेव्हा त्याने हसण्यावारी नेलं.

"नाटकातला म्हणजे? तुमका कोण लिवन देता काय? दशावतारात कागद नसता, माका शिकवू नकात. उभ्या उभ्या सुचता तांच बोलतास. मगे चंदनाक बघून सुचता, तर माका बघून कित्याक सुचणा नाय?"

लग्नाचा वाढदिवस नेमका शुक्रवारी आला, तेव्हा जानकीने अट घातली. "माका साडी नको. त्या पिझ्झाच्या हाटेलात घेवन चला आणि एक वाक्य बोला. फकत माका. चंदनाक कधी बोललास नाय असला."

सहा वाजता दोघं हॉटेलात शिरली आणि पहिल्याच पावलाला जानकी थबकली. गल्ल्यामागच्या भिंतीवर 'आमची लाडकी जोडी' अशी पाटी होती आणि पाटीखाली फोटो. मुकुट घातलेला महादू, शेजारी भरजरी शालूतला चंदन, मधे अर्धा खाल्लेला पिझ्झा.

"ही जोडी कधी इल्ली रे सर्वेशा?"

"मागल्या महिन्यात वैनी. जत्रेक जाताना. लोक खास फोटो बघूक येतत!"

"आणि आइस्क्रीम?"

"दिलंय ना. जोडीचा दोनव जाणांनी खाल्ल्यानी."

जानकी फोटोकडे पाठ करून बसली. ते पाठ फिरवणं महादूच्या ओळखीचं होतं.

पिझ्झा आला. महादूने एक तुकडा संपवला, दुसरा संपवला. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "बरो भाजलोहा."

"ह्यां पिझ्झाक झाला. आता माका."

आठ हजार माणसांसमोर न अडणारी महादूची जीभ टाळ्याला चिकटली. हात धुण्याचं निमित्त करून तो मागे गेला आणि त्याने फोन लावला. "चंदना, धाव रे मेल्या! समोर तू नसलंस तर माका कायच सुचणा नाय. हिच्या मागच्या टेबलार बस आणि वायच सूर दी."

चंदन रात्रीच्या खेळाची तयारी करत होता. तसाच उठून आला. अंगात टी-शर्ट, पण भुवया कोरलेल्या आणि ओठ लाल. जानकीच्या पाठीमागे बसून त्याने मेनूकार्ड तोंडासमोर धरलं. क्षणभराने कार्डामागून नाजूक आवाज आला, "नाथ, आज आपण असे गप्प का?"

महादू खुर्ची सारून ताडकन उभा राहिला. "देवी! भरतीच्या समुद्राला कुणी विचारतं का, तू गप्प का? चंद्र समोर आला की तो आपोआप गर्जतो!"

बाकीच्या तिन्ही टेबलांवरून टाळ्या पडल्या. सर्वेश धावत आइस्क्रीम घेऊन आला आणि सवयीने चंदनसमोर ठेवून गेला.

नवऱ्याची नजर आपल्या डोक्यावरून कुठे जातेय, हे पाहायला जानकी वळली.

"तू हयसरव इलंस?"

"वैनी, शप्पत, माका ह्येनीच बोलावल्यान," चंदन आइस्क्रीम दूर सारत म्हणाला.

जानकी उठली. आता पिझ्झा उडणार म्हणून सर्वेशने डोळे मिटले. पण तिने पदर खांद्यावर घेतला, हनुवटी वर केली, आणि बारा वर्षं पहिल्या रांगेत ऐकलेली भाषा तिच्या तोंडून खळाळत बाहेर पडली.

"महाराज! स्वतःच्या राणीशी बोलायला ज्याला दुसरा लागतो, तो राजा कसला? आपण पहाटे चार वाजता जत्रेतून परतता, तेव्हा पाणी तापवून वाट कोण पाहतं, हे आपल्या चंद्राला विचारा. चंद्र त्या वेळी घोरत असतो, महाराज!"

दशावतारात ज्याला उत्तर सुचत नाही तो हरला. महादूने केविलवाणं चंदनकडे पाहिलं.

"माका बघू नको," चंदन म्हणाला. "माकाव सुचणा नाय."

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. जानकी मात्र डोळे पुसत, एकटीच चालत घरी गेली. तिला टाळ्या नको होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंदन दारात हजर. "वैनी, आज राजा माका वनात धाडतलो. अशा टायमाक राणी काय बोलतली?"

मग तो रोजच येऊ लागला. पडवीत चहा, त्याच्यासोबत गजाली, आणि दोघांचं खिदळणं. महादू अंगणात येरझारा घालायचा. एकच दोरी चार वेळा सोडायचा आणि चार वेळा बांधायचा.

सर्वेशचं हॉटेल पुढे लॉकडाऊनमध्ये बंद पडलं. आता तो मालवणात पर्यटकांना घावणे विकतो आणि त्याचं बरं चाललंय. चंदनला राणीच्या कामासाठी दोन बक्षिसं मिळाली. त्याची बायको हल्ली पहिल्या रांगेत येऊन बसते आणि महादूकडे रागाने बघते. महादू अजून राजाच होतो आणि जानकी अजून नाटकाला जाते, पण आता मागे बसते, डुलकी आली तर झोपतेही. पण हे सगळं पुढचं; खरी गोष्ट संपली ती त्या शुक्रवारनंतर पंधराव्या दिवशी. येरझारा घालता घालता महादू पडवीच्या पायरीशी थांबला आणि खेकसला, "रोज त्या चंदनाबरोबर कित्याक बसतंस गो? माझ्यावांगडा बस मा वायच!"

जानकीने बारा वर्षांच्या जत्रा आठवून पाहिल्या; हे वाक्य राणीला एकदाही मिळालं नव्हतं. मग हळूच म्हणाली, "चंदना, तू आता घराक जा."

"पण वैनी, राणीचो वनवास अर्धोच रवलो!"

"रवांदे. माझो संपलो."