एक बादली, दोन बिलं

नगरपालिकेची दोन बिलं एकदम आली तेव्हा भैय्याजींनी आधी चष्मा पुसला. बिलं तरीही दोनच राहिली. एक त्यांच्या नावाचं, दुसरं मुलाच्या, हेमराजच्या नावाचं. दोन्ही कचरा उचलण्याची, महिन्याचे साठ-साठ रुपये. घर एक, दार एक आणि दाराशी ठेवलेली बादलीही एकच. तिच्यातही अर्ध्या संत्र्याच्या साली.

प्रश्न साठ रुपयांचा नाही, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले, आणि खरंच तो नव्हता. गल्लीतल्या बाकी सगळ्या घरांतली मुलं वेगळी निघाली होती. भैय्याजींच्या घरी मात्र अजून सगळे एका चुलीवरचं जेवत होते. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता, की चहाच्या टपरीवर लोक त्यांच्यापासून जरा लांबच बसत. आणि आता नगरपालिकेनं चक्क छापून कळवलं होतं, की तुमची घरं दोन.

"काकाजी, समग्रमंधी तुमचे दोन परिवार दिसून राहिले," नगरपालिकेच्या खिडकीतला बाबू अंकुश म्हणाला.

समग्र म्हणजे मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला मिळणारा सरकारी नंबर. घरकुलाच्या यादीत नाव लागावं म्हणून हेमराजनं दोन वर्षांपूर्वी आपला नंबर वेगळा काढून घेतला होता. सगळेच काढतात. भैय्याजींनी त्यावर सहीसुद्धा केली होती.

"ते कागदावर आहे रे बापा. आमी सारे एकातच जेवतो."

"मंग तसं आवेदन द्या. आमी पाहाले येऊ. एक चूल दिसली का एक बिल."

भैय्याजींनी तिथंच उभ्या उभ्या अर्ज लिहून दिला. आधी घरी विचारावं हे त्यांना सुचलं नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली, कधीच सुचलं नव्हतं.

"मामाजी, आमी एकच परिवार आहो असं लिहून देल्लं तुमी?" सुनेनं, सुचितानं विचारलं. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"जे खरं आहे तेच लिहिलं."

"एक परिवार झाला का यादीतून आमचं नाव कटते. दोन वर्षं झाले, वाट पाहून राहिलो आमी."

रात्री हेमराज बोरगावच्या कारखान्यातून आला आणि त्यानं तोडगा काढला. "ते पाहाले येतीन तवा घरात दोन चुली दिसल्या पाहिजे. दोन-चार दिवसाची तर गोष्ट आहे, बाबा."

"माह्या घरात दोन चुली?"

"दाखवाले फक्त."

भैय्याजींची बायको कलाबाई फळीवरची भांडी न्याहाळू लागल्या. त्यातली कोणती दुसऱ्या चुलीकडे जातील याचा त्या हिशेब करत होत्या.

सुचितानं मोहगावच्या माहेराहून जुनी शेगडी आणली आणि मागच्या खोलीत मांडली. बाजारातून दुसरी बादली आली, हिरवी. पाहणीला येणारे लोक शेगडीला हात लावून पाहतात असं हेमराजनं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून दोन्हीकडे रोज स्वयंपाक होऊ लागला.

चार दिवसांत कोणी आलं नाही. पंधरा दिवसांतही नाही. भैय्याजी दोनदा खिडकीवर जाऊन आले. "सर्वे चालू आहे काकाजी, तुमचा नंबर आला का येतो," अंकुश म्हणाला.

सुरुवातीला कलाबाईंची वांग्याच्या भाजीची वाटी मागे जायची आणि वरण घेऊन परत यायची. मग ती नुसती धुऊन येऊ लागली. मग एक दिवस कलाबाई म्हणाल्या, "तिखट चालत नाही त्याइले," आणि वाटी फळीवरच राहिली. हेमराज कारखान्यातून आला की परस्पर मागच्या खोलीत जेवू लागला. जाता जाता "जेवले का, बाबा?" असं विचारायचा. भैय्याजींना ते फार लागायचं. असं शेजाऱ्याला विचारतात.

एकदा संत्र्याच्या साली चुकून हिरव्या बादलीत पडल्या. सुचितानं त्या उचलून निमूटपणे जुन्या बादलीत टाकल्या. कोणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर भैय्याजींनी ते मिटवलं असतं.

सत्तेचाळिसाव्या दिवशी सकाळी अंकुश वही घेऊन दारात उभा राहिला. भैय्याजींचं ठरलेलं होतं. यादी गेली तर जाऊ दे.

"परिवार एकच आहे," ते एका दमात म्हणाले. "मांगचं ते सारं दाखवाले मांडलं होतं. काढून टाकतो आता."

मागच्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या सुचितानं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

"मले काही त्रास नाही काकाजी, एकच लिहितो," अंकुश म्हणाला. त्यानं पेन उघडलं. "पण साहेब इचारते म्हणून एक सांगा. सूनबाईनं आज काय रांधलं?"

भैय्याजींनी तोंड उघडलं. मग कलाबाईंकडे पाहिलं. कलाबाई जमिनीकडे पाहत होत्या. मागून फोडणीचा वास येत होता, पण ती कशाची ते ओळखू येईना.

"बरं, काल काय होतं?" अंकुशनं मदत म्हणून विचारलं.

दारापुढून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येऊन गेली. मग अंकुशनं खाली मान घालून वहीत 'दोन' लिहिलं आणि चहा नको म्हणाला.

पुढच्या आठवड्यात भैय्याजी बिल भरायला गेले. वाद घालायला आता काही उरलं नव्हतं. अंकुशनं पावती फाडली आणि पुस्तक मिटण्याआधी विचारलं, "हेमराजभाऊचंही संगंच करून टाकू का, काकाजी?"

भैय्याजींच्या खिशात दोन्ही बिलांपुरते पैसे होते. ते त्यांनी चाचपलेही.

"त्याचं त्याले मागा," ते म्हणाले. "तो अलग राहते."