लेलेकाकांची कवळी

आमच्या शेजारचे लेलेकाका दुधाची पिशवी साबणाने धुतात. नळ उघडण्याआधी नळ धुतात. आमच्याकडे चहाला आले की कप आधी उजेडात धरतात आणि मगच "चालेल" म्हणतात. अख्ख्या नारायण पेठेत एवढा स्वच्छ माणूस सापडायचा नाही. या माणसाने तोंडातली कवळी मात्र कित्येक महिन्यांत बाहेर काढलेली नव्हती. झोपतानासुद्धा नाही.

जिन्यात ते बोलायला थांबले की बिऱ्हाडकरूंना एकदम गॅसवरचं दूध आठवायचं, इतका वास. शेवटी मीच त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"आजोबा, कवळी रोज घासायची, झोपताना काढून पाण्यात ठेवायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे जंतू छातीत उतरले तर न्यूमोनिया होईल."

"आपण झोपताना नाक काढून ठेवता का?" काकांनी विचारलं.

परतताना मी चिडले. "अहो काका, नळ धुता आणि दात नाही?"

"नळाला अमेरिकेतून कुणी बघत नाही."

मग कळलं. मुलगा तिकडे कंप्युटरमध्ये. त्याला सवड होईल तेव्हा तो फोनवर दिसणार, वेळेचा नेम नाही. एकदा काका कवळी घासत असताना फोन वाजला आणि ते तसेच धावले. ते बोळकं बघून मुलगा हबकला. दुसऱ्याच दिवशी त्याने धायरीच्या एका वृद्धाश्रमाचे फोटो पाठवले. तेव्हापासून कवळी तोंडातच.

व्हायचं तेच झालं. छाती भरली, काका दवाखान्यात. नर्सने कवळी काढून वाटीत ठेवली. मी मुलाला कळवलं. त्याचा फोन आला तसा काकांनी चादर नाकापर्यंत ओढली. ऐन मे महिन्यात.

"बाबा, कसे आहात?"

"मजेत. एसी फार आहे रे इथे."

"बरे दिसताय की. मला वाटलं, यावं लागतंय. आता रिलीजची गडबड आहे, महिनाभर फोनही जमायचा नाही. चालेल ना?"

"चालेल," काका म्हणाले.

मला मुलाचा राग आला, आणि काकांचाही. मी वाटी उचलली आणि बेसिनपाशी जाऊन कवळी घासू लागले.

काकांनी चादर खाली घेतली.

"सावकाश घास गं," ते म्हणाले. "आता महिनाभर कुणी बघणार नाही."